उतरलेली काळी एक

नियमित कंपनांपासून निर्माण होतो तो सुस्वर आणि अनियमित कंपनांपासून निर्माण होतो तो गोंगाट. हे वाक्य मी अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पोरं ते उतरून घेतात, पेपरात लिहितात, मार्क मिळवतात आणि विसरून जातात. त्यांचं बरं आहे. मला विसरता येत नाही, कारण याच विद्येच्या जोरावर मी माझ्या बापाला देवळातल्या त्याच्या जागेवरून उठवलं.

मी जाफराबादच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि राहतो टेंभुर्णीत. रोज जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जातो-येतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घरची शेती सांभाळून दादांनी आयुष्यभर दोनच कामं केली. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये नोकरी आणि बारा महिने भजनी मंडळात पखवाज. पहिल्यानं पोट भरलं आणि कान खाल्ले. दुसऱ्यानं गावात मान दिला आणि ‘बुवा’ हे नावही. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पखवाजावर दादाच बसणार, हे गावात कुणी ठरवलेलं नव्हतं. ते तसंच होतं, सकाळी सूर्य उगवतो तसं.

पखवाजाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून अनेक कंपनं एकदम निघतात आणि त्यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो. दोनाला चार, चाराला आठ असा हिशोब बसत नाही, म्हणून डफड्याचा नुसता दणका ऐकू येतो, सूर येत नाही. पखवाजाच्या उजव्या तोंडावर मधोमध काळी शाई असते. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ घोटून थरावर थर दिलेली. त्या वजनानं कातड्याची बेशिस्त कंपनं ओळीत येतात आणि पहिल्यांदा त्यातून ‘सा’ ऐकू येतो. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, तीही त्याचसाठी. हे सगळं मी पुस्तकं चाळून शिकलो, आणि मोठ्या ऐटीत दादांना सांगायला गेलो, तेव्हा ते कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, “जड केल्याबिगर कातडं गात न्हाई. हे सांगायला कालेजात जावं लागतं का?”

तेव्हा मी हसलो होतो. दादांचं असं बोलणं मला आवडायचं, आणि थोडं लागायचंही. बारावी पास होण्याआधीपासून माझ्या डोक्यात एक खूळ होतं की कधीतरी दादांना पखवाजातलं असं काही सांगायचं जे त्यांना माहीत नाही. ते खूळ माझ्या गळ्यात धोंड्यासारखं अडकलं.

दोन वर्षांपूर्वी दादांचं ऐकणं कमी व्हायला लागलं. ‘साखर’ म्हटलं की ‘काय?’, ‘ताट’ म्हटलं की ‘काय?’ नातवंडं चिडवायची, आई ओरडून बोलायची, आणि ओरडल्यावर दादा म्हणायचे, “वरडू नको, आवाज येऊ राह्यला मला, बोल समजंना.” यातला फरक घरात कुणाच्या लक्षात आला नाही. मी त्यांना जालन्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवून त्यांची तपासणी झाली आणि एक आलेख हातात आला. डाव्या बाजूला रेघ सरळ चाललेली, मग उजवीकडे विहिरीत पडावी तशी खाली. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज, खालचे सूर यांना धक्का नाही. बारीक, उंच आवाज गेलेत. यंत्रांच्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसांचं असंच होतं. म्हणून ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ पडतात आणि शब्द अर्धा पोचतो.

हे मला डॉक्टरांनी सांगायचीही गरज नव्हती. आलेख वाचणं हा माझा धंदा. पखवाजाचा ‘सा’ आलेखाच्या त्या सरळ रेघेवर, धडधाकट बाजूला होता. दादांना साखर ऐकू येत नव्हती, पण पखवाज लावायला लागणारा कान शाबूत होता. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला आणि नंतर कित्येक महिने तो तिथंच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गावात मात्र बभ्रा झाला. बुवाचे कान गेले. मंडळातली माणसं वाईट नाहीत, पण वाईट नसलेली माणसं जे करतात ते त्यांनी केलं. हळूहळू, हसत, काळजीच्या आवाजात. “आता आराम करा बुवा.” “पोराटोरांना शिकवा आता.” दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि लोकांना वाटायचं खरंच ऐकू आलं नाही.

मला लाज वाटायला लागली. खरं ते खरं. मला दादांची कीव नव्हती आली, लाज वाटत होती. काल्याच्या कीर्तनात काही चुकलं तर ‘सरांचे वडील’ असं लोक म्हणतील, याची. म्हणून मी फोनवर सूर मोजायचं एक ॲप घेतलं. वाद्य वाजवलं की पडद्यावर सुई हलते. सूर उतरलेला असला तर लाल, बरोबर असला तर हिरवी.

त्या वर्षी सप्ताहाला एक नावाजलेले कीर्तनकार येणार होते. मांडवात सकाळपासून साउंडवाल्यानं गाण्यांचा धुमाकूळ घातला होता. चार-चार स्पीकरांचे खांब रचलेले, छाती हादरत होती. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागत होतं. देवाच्या दारात सुस्वर कुठला आणि गोंगाट कुठला हे सांगायला कुणाला माझी व्याख्या नको होती. दादा सकाळीच, मांडव गजबजायच्या आधी, देवळातल्या बाजाच्या पेटीवरून पखवाज सुरात लावून बसले होते. पेटीवाला म्हणजे गावातला खतं-बियाणांचा दुकानदार. वीस वर्षं तोच पेटी वाजवतो. तो त्या वेळी पेटीला कुलूप लावून कीर्तनकार महाराजांना चहाला घेऊन गेला होता.

मी दादांजवळ गेलो आणि फोन काढला. चार लोक बघत होते. खरं सांगायचं तर चार लोक बघत होते म्हणूनच काढला.

“दादा, एकदा थाप द्या.”

त्यांनी दिली, मी फोन अगदी पखवाजाच्या तोंडाशी धरला. काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, हा कीर्तनाचा सूर ठरला होता. सुई लालवर जाऊन थांबली. पाच-सहा हर्ट्‌झनं खाली.

“उतरलाय,” मी म्हणालो. गाण्यांच्या दणक्यात त्यांना शब्द कळला नसावा, म्हणून फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. लाल सुई सगळ्यांना दिसली.

“पेटीवरून लावला म्या,” दादा म्हणाले. “बराबर हाये.”

“यंत्र खोटं बोलत नाही, दादा.”

त्यांनी परत थाप दिली, कान पखवाजाजवळ नेला. सुई लालच. मंडळातला एकजण दुसऱ्याकडे बघून हसला. ते हसणं दादांनी पाहिलं. मग त्यांनी हातोडी घेतली आणि चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे एकेक करून ठोकले, पुडी म्हणजे तोंडावरचं कातडं ताणलं, सूर चढवला. सुई हिरवी झाल्यावर मी हात वर केला. मास्तरचा हात. दादांनी आणखी एकदा थाप दिली, कपाळाला आठी घातली.

“चढल्यावानी वाटू राह्यला.”

“बिलकुल बरोबर आहे,” मी म्हणालो.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. कीर्तन सुरू झालं, पेटीनं सूर धरला, टाळकऱ्यांनी ठेका धरला आणि दादांची पहिली थाप पडली. पेटीचा ‘सा’ एकीकडे आणि पखवाजाचा दुसरीकडे. दोन सूर अगदी जवळ आणि तरी वेगळे असले की त्यांच्यात भांडण लागतं, आवाज थरथरतो. आमच्या भाषेत त्याला विस्पंद म्हणतात. तो मी वर्गात दोन नादकाटे घेऊन दाखवतो आणि पोरं खूश होतात. इथं तो स्पीकरांच्या खांबांमधून अख्ख्या गावावर आदळला. दादा चमकून पेटीकडे बघत होते, मग माझ्याकडे. महाराजांनी हात वर करून सगळं थांबवलं आणि माइकवरच म्हणाले, “बुवा, पेटी कुठं, पखवाज कुठं! कान घरी ठेवून आलात का?”

मांडव हसला. बायकाही हसल्या. महाराजांबरोबर त्यांचा तरुण पखवाजी आलेला होता, त्यानं स्वतःचा पखवाज पेटीला जुळवून घेतला आणि दादांच्या जागेवर येऊन बसला. दादा उठले. पखवाज उचलताना एका हातानं डाव्या तोंडावरची कणीक खरवडून काढली, नेहमी कीर्तन संपल्यावर काढतात तशी, आणि मांडवाच्या मागून घरी गेले.

मी तिथंच उभा होतो. मला बोलता आलं असतं. ‘महाराज, सूर मी चढवायला लावला’ एवढं एक वाक्य. माझ्या मनात शंकाही आली होती की चुकलं ते पखवाजात नाही. पण मी ती दाबली. उन्हानं कातडं ताणलं असेल, दादांनी नंतर पुन्हा काही ठोकाठोक केली असेल, अशी भौतिकशास्त्रातली कारणं मी भराभर गोळा केली. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला नवीन काही शिकावं लागत नाही. संध्याकाळी घरी दादा न जेवता बसले होते, तर मी त्यांना वर समजावलं, “वय झालं की असं होतं, दादा. मनाला लावून घेऊ नका.”

ते म्हणाले, “तू जवळ व्हता म्हनून बरं झालं. न्हाई तं मी उतरलेलाच वाजवला असता.”

पखवाज खोळीत गेला आणि खुंटीवर लटकला.

तीनेक महिन्यांनी वर्गात ध्वनीचा धडा आला. मी पोरांवर छाप पाडायला तेच ॲप काढलं आणि नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून फोनजवळ धरला. काट्यावर ठसठशीत कोरलंय, ५१२ हर्ट्‌झ. सुई लालवर. पुन्हा आपटला, पुन्हा लाल. सगळा वर्ग ओरडला, “सर, काटा उतरला!”

पोलादाचा काटा उतरत नसतो. त्याला ऊन लागत नाही, वय होत नाही, जिनिंगमध्ये तो कधी गेला नाही. मी वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो आणि डोक्यात आकडे मांडले. शाळेचे काटे एका मापानं केलेले असतात, त्यात पांढरी एकचा सूर ५१२. फोनमधलं ॲप दुसऱ्या मापानं चालतं, त्यात तोच सूर ५२३. काटा खोटा नाही, ॲपही खोटं नाही. कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं की ‘सा’ इथं म्हणायचा, आणि दुसऱ्या कुणीतरी ठरवलं की तिथं. ‘सा’ ही जमिनीत रोवलेली खूण नव्हे. सगळ्यांनी मिळून धरला तो ‘सा’. ज्याला हे अठरा वर्षं पगार घेऊन कळलं नाही, त्याला उंटावरचा शहाणा म्हणणं म्हणजे उंटाचा अपमान.

शाळा सुटायची वाट न बघता मी अर्धी रजा टाकली, जीप पकडली आणि थेट देवळात गेलो. पुजाऱ्याकडून किल्ली घेतली, पेटी उघडली, भाता हलवून काळी एक दाबली. सुई लाल. नेमकी तिथंच, जिथं त्या सकाळी दादांच्या थापेला थांबली होती. दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली, सगळी पेटी तेवढीच खाली होती. जुनी पेटी, तिच्या कारागिरानं तिला दिलेला सूर तसाच धरून बसलेली. दादांनी पखवाज त्या पेटीला केसाचाही फरक न ठेवता लावला होता. अर्धे शब्द न पोचणाऱ्या कानांनी.

मी गाभाऱ्यासमोर बसून रडलो. देवासाठी नाही.

घरी येऊन दादांना सगळं सांगितलं, दोनदा, जवळ बसून, कागदावर आकडे लिहून. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “माझं मन राखू नको. झालं ते झालं.” ज्या माणसाला मी एका मिनिटात पटवलं होतं की त्याचे कान चुकतात, त्याला ते बरोबर होते हे पटवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की पुढच्या सप्ताहाच्या बैठकीत, सगळ्या गावासमोर, पेटीवर फोन लावून दाखवायचा. गावासमोर गेलेलं गावासमोरच परत यायला हवं.

इथं मी दुसरा गाढवपणा केला. सौजन्य म्हणून पेटीवाल्याला आधी सांगायला गेलो, त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मला वाटलं त्याला आनंद होईल. त्याचा चेहरा उतरला.

“म्हंजे माझी पेटी बेसूर हाये म्हन्ता का सर?”

“बेसूर नाही हो. आपल्या जागी ती बरोबरच आहे, फक्त फोनच्या मापापेक्षा खाली.”

“खाली म्हंजे बेसूरच की. वीस साल झाले, मी लोकांना बेसूर ऐकवू राह्यलो, असंच ना?”

मी पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं मला चहा पाजला आणि विषय बदलला.

बैठक रविवारी सकाळी देवळात होती. दादा यायला तयार नव्हते. मी हट्टानं नेलं, पुढे बसवलं. मग उभा राहून सगळं सांगितलं. सूर मी चढवायला लावला, चूक माझी होती, दादांचा पखवाज पेटीला तंतोतंत लागलेला होता. पाकिटातला कानाचा आलेखही काढून दाखवला. लोक ऐकत होते. मला वाटलं, होतंय काम. शेवटी मी म्हणालो, “विश्वास नसेल तर आत्ता पेटी वाजवा आणि सुई बघा. लाल येईल.”

पेटीवाल्यानं पेटी पुढे ओढली. घाई न करता भाता हलवला आणि काळी एक दाबली.

सुई हिरवी.

मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. हिरवी. पांढरी एक, हिरवी. काळी दोन, हिरवी. पेटीच्या आतले सूर कुणीतरी एकेक करून घासून नव्या मापाला आणले होते.

“पेटी दुरुस्त करून आणली का?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“जालन्यात मस्तगडला नेल्ती. भाता फाटला व्हता, तेवढा शिवून आणला,” तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता पट्ट्यांवरून फडकं फिरवायला लागला.

“सूर बदललेत यात! आधी खाली होते. मी स्वतः मोजलेत!”

“सर,” मंडळाचे अध्यक्ष मायेनं म्हणाले, “बापासाठी तळमळ समजती आमाला. असा पोरगा सगळ्यांना मिळो. पन पेटी तं बराबर निघाली ना?”

कुणी हसलं नाही. त्या दिवशी हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कौतुक होतं. माझ्या खिशात त्या दुपारचा पुरावा काहीच नव्हता. मोजलं होतं, पण रेकॉर्ड केलं नव्हतं. प्रयोगाची नोंद ताबडतोब करावी, हे मीच पोरांना सांगतो.

दादांना बोलण्यातले शब्द किती पोचले कुणास ठाऊक. पण हिरवी सुई त्यांना लांबूनही दिसली होती. घरी जाताना रस्त्यात ते थांबले आणि म्हणाले, “आता तरी ऐक. एक डाव न्हाई, दोन डाव सांगितलं यंत्रानं. कानच गेल्ते माझे. उगा लोकांशी वैर घेऊ नको.”

मी म्हणालो, पेटीवाला खोटं बोलला. ते म्हणाले, त्याला काय गरज. मी म्हणालो, तुमचे कान बरोबर होते. ते म्हणाले, जल्दी चल, ऊन होऊ राह्यलं.

पखवाज त्यांनी मंडळाला देऊन टाकला. तो आता महाराजांकडे शिकून आलेला एक तरुण वाजवतो आणि लावताना फोन समोर ठेवतो. फोन आणि पेटीचं आता जुळतं, त्यामुळे कधी चुकत नाही. दादा देवळात जाणं सोडतील अशी मला भीती होती, पण त्यांनी सोडलं नाही. ते टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत, खांबाजवळ उभे राहतात. टाळ सुरात लावावा लागत नाही. काशाच्या त्या जाड चकतीतून इतकी वेगवेगळी कंपनं एकदम निघतात की त्याला ना काळी एक, ना पांढरी चार. म्हणूनच त्यांनी तो घेतला असावा.

ठेका त्यांचा अजूनही घड्याळासारखा आहे. पण कीर्तन सुरू व्हायच्या आधी ते टाळ एकदा वाजवून बघतात, आणि तो बराबर आहे का हे विचारायला गर्दीतून माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. टाळात बराबर आणि चूक काहीच नसतं, तरी मी मान हलवतो, आणि मग ते वाजवायला लागतात.